कारासुन्क : आर्मेनियन बाळंतघराचे चाळीस दिवस

मूल जन्मल्यापासून चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही आणि घरच्या माणसांखेरीज कोणी बाळाजवळ जायचे नाही, ही आर्मेनियन समाजातील जुनी रूढी आहे. या मुदतीला आणि ती संपते त्या दिवसालाही कारासुन्क म्हणतात. मराठी वाचकाला इथे आपला सव्वा महिना आठवेल. दिवस जवळपास तितकेच असले, तरी आर्मेनियातील प्रथेच्या मुळाशी पश्चिम आशियातील लोकसमजुती आहेत आणि त्यावर ख्रिस्ती धर्माचा संस्कार झालेला आहे. चाळीस हा आकडा आर्मेनियन माणसाच्या शेवटालाही असतो. मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी नातेवाईक कबरीवर जमतात आणि मृताच्या शांतीसाठी प्रार्थना होते. नुकतेच जन्मलेले मूल अजून पुरते या जगाचे झालेले नाही, ही भावना या साऱ्या बंधनांमागे आहे.

घरात सासू किंवा आजीचा शब्द चालतो. शेजारीपाजारी आणि दूरचे नातलग ‘आच्कद लुइस’ म्हणजे ‘तुझ्या डोळ्यांना उजेड लाभो’ असे म्हणून अभिनंदन करतात, पण उंबऱ्यापाशी किंवा बाहेरच्या खोलीत. भेटवस्तू तिथेच दिल्या जातात. अंत्ययात्रेहून आलेल्या माणसाला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देत नाहीत. दोन ओल्या बाळंतिणींची चाळीस दिवसांच्या आत गाठ पडू नये, हाही जुना नियम. पडली तर एकीच्या बाळाची वाढ खुंटते अशी समजूत होती. अनातोलिया आणि कॉकेशसमधील इतर समाजांतही ती आढळते. बाळाचे तोंडभरून कौतुक करणे टाळतात, आणि केलेच तर लगोलग ‘देव राखो’ म्हणतात. दुपट्याला सेफ्टी पिनने निळा मणी लावतात, तो दृष्ट लागू नये म्हणून.

दृष्टीपेक्षा मोठी भीती होती ती ‘आल’ची. बाळंतिणीचे काळीज किंवा फुप्फुसे काढून नेणारे आणि मुलाला इजा करणारे हे पिशाच. लोकांच्या वर्णनात त्याला पितळी नखे, लोखंडी दात आणि रानटी केस असतात. ते लोखंडाला भिते, म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली सुरी किंवा कात्री ठेवत आणि अंथरुणाभोवती मांस भाजायच्या लोखंडी सळया मांडत. तिला एकटे सोडत नसत आणि रात्री दिवा विझू देत नसत. मानुक आबेघ्यान या आर्मेनियन लोकसाहित्याच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समजुतींची तपशीलवार नोंद केली. धडधाकट तरुण बाई बाळंतपणानंतर चार दिवसांत तापाने फणफणून किंवा रक्तस्रावाने जाते, हे ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांनी त्या मृत्यूला दिलेले नाव म्हणजे आल, असे मानायला जागा आहे. रात्रभर कोणीतरी जागे असणे हा त्या भीतीतून निघालेला खरोखर उपयोगी नियम होता.

याच भीतीपोटी ‘हमायिल’ वापरात आले. हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची आणि कधीकधी कित्येक मीटर लांबीची ही कागदाची किंवा चर्मपत्राची गुंडाळी असे. तिच्यावर संतांची चित्रे, शुभवर्तमानातील उतारे आणि आल व दृष्ट यांच्याविरुद्धच्या प्रार्थना असत. संत किप्रिआनोसची प्रार्थना त्यांत हमखास सापडते. हाताने लिहिलेल्या गुंडाळ्यांबरोबर छापील गुंडाळ्याही निघाल्या, आणि अठराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या आर्मेनियन छापखान्यांतून त्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात अशा गुंडाळ्या जपून ठेवलेल्या आहेत. चर्चच्या प्रार्थना आणि पिशाचाविरुद्धचे मंत्र एकाच कागदावर आल्याचे त्या काळच्या लोकांना काहीच वावगे वाटत नव्हते.

बाळाची निगा सुईणीकडे असे. तिला ‘तात्मेर’ म्हणत. जन्मल्यावर बाळाच्या अंगाला बारीक मीठ चोळून गुंडाळून ठेवायचे आणि काही वेळाने अंघोळ घालायची, अशी चाल होती. मिठाने कातडी घट्ट होते आणि पुढे घामाला वास येत नाही, अशी श्रद्धा. बाळाला मीठ चोळण्याचा उल्लेख बायबलच्या जुन्या करारात यहेज्केलच्या पुस्तकातही आहे. नवजात बाळाच्या पातळ त्वचेतून मीठ शरीरात जाऊन रक्तातील सोडियम जिवावर बेतेल इतके वाढू शकते, त्यामुळे डॉक्टर याला ठाम विरोध करतात, आणि तो रास्तच आहे. खेड्यांत पाळण्यात बाळाखाली चाळलेली, गरम करून कोमट केलेली मऊ माती पसरत. ती ओल शोषून घेई आणि ऊब देई. भिजली की टाकून नवी घालत.

आणि या चाळीस दिवसांत बाळंतिणीला काम नसे. या प्रथेबद्दल बोलताना पाहुण्यांवरच्या बंदीचीच चर्चा फार होते, आणि तिचा हा भाग मागे पडतो. जुन्या एकत्र कुटुंबात सुनेचा दिवस पहाटे पाणी भरण्यापासून सुरू होई. बऱ्याच भागांत सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिने तोंड उघडायचे नाही, असा दंडक पहिले मूल होईपर्यंत, कधी त्यानंतरही चाले. अशा बाईला हक्काची विश्रांती मिळे ती या दिवसांत. तिला ‘खाविझ’ खाऊ घालत. लोण्यात पीठ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचे, मग गरम पाणी किंवा दूध आणि साखर घालून आटवायचे. अंगात ताकद यावी आणि दूध उतरावे म्हणून हे खाणे आजही करतात.

चाळीस दिवसांचा धार्मिक आधार बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. मुलगा झाल्यास सात आणि तेहतीस मिळून चाळीस दिवस, मुलगी झाल्यास त्याच्या दुप्पट, असे तिथे सांगितले आहे. लोकव्यवहारात मात्र मुलगा-मुलगी दोघांनाही चाळीसच दिवस धरतात. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन जातात, तोच प्रसंग आर्मेनियन अपॉस्टोलिक चर्च 14 फेब्रुवारीला साजरा करते. या चर्चमध्ये ख्रिस्तजन्म 6 जानेवारीला असल्याने तो चाळिसावा दिवस येतो. आदल्या संध्याकाळी शेकोट्या पेटवतात आणि नवविवाहित जोडपी त्यांवरून उड्या मारतात. या लोकोत्सवाला त्रन्देझ म्हणतात. प्रत्येक बाळाचा चाळिसावा दिवस मंदिरातल्या त्याच प्रसंगाशी जोडलेला आहे. आई बाळाला घेऊन चर्चच्या दाराशी उभी राहते, पाद्री प्रार्थना म्हणून दोघांना आत नेतो. तोवर आईने चर्चमध्ये पाऊल टाकायचे नाही, असा जुना दंडक.

सोव्हिएत राजवटीत चर्चमधला हा विधी सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसा झाला, घरातली चाळिशी मात्र टिकली. तिला पाद्री लागत नव्हता, परवाना लागत नव्हता. आजीने दार लावून घेतले की झाले. शिवाय सरकारी प्रसूतिगृहांची शिस्त तिला पूरकच ठरली. संसर्गाच्या भीतीने तिथे बापालाही आत सोडत नसत. नातेवाईक खाली अंगणात उभे राहून हाका मारत आणि बाळंतीण खिडकीच्या काचेतून गाठोड्यासारखे गुंडाळलेले मूल दाखवी. आलची जागा जंतूंनी घेतली, बंद दार तेच राहिले.

वैद्यकीय अंगाने पाहिले तर या प्रथेच्या गाभ्यात तथ्य आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. मोठ्यांचा साधा खोकला बाळासाठी डांग्या खोकला ठरू शकतो, आणि ओठांवरच्या नागिणीचा विषाणू चुंबनातून गेला तर बाळाच्या जिवाशी येतो. जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे नाजूक मानते, पण त्याच काळात माय-लेकरांची किमान चार वेळा तपासणी व्हावी असे ती सांगते. बंधन इतके कडक झाले की ताप आलेल्या बाळालाही बाहेर न्यायला घरचे कचरतात, तर ते घातक आहे. मोकळी हवा आणि ऊन वर्ज्य करण्यालाही काही आधार नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात एकटेपणा भर घालतो, हेही विसरून चालत नाही. पूर्वीच्या बाळंतिणीभोवती बायकांचा राबता असे, आजच्या फ्लॅटमधली आई खरोखर एकटी असते.

1915 मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारानंतर आर्मेनियन कुटुंबे बैरुत, अलेप्पो आणि पुढे पॅरिस, लॉस एंजेलिसपर्यंत पांगली आणि ही चाळिशी त्यांच्याबरोबर गेली. तिथल्या आर्मेनियन चर्चमध्ये चाळिसाव्या दिवसाचा आशीर्वाद आजही देतात. लोखंडी सळया गेल्या, निळा मणी राहिला, आणि समाजमाध्यमांमुळे नवा नियमही आला आहे. अनेक आईबाप चाळीस दिवस होईपर्यंत बाळाचा फोटो टाकत नाहीत, किंवा टाकलाच तर चेहरा झाकून टाकतात. मुदत संपली की पाहुण्यांना दार उघडते. बाप्तिस्म्याची तयारी सुरू होते, त्यासाठी ‘कावोर’ म्हणजे धर्मपिता ठरवला जातो. पुढे पहिला दात आला की ‘आतामहातिक’ हा समारंभ होतो. त्यात बाळाच्या डोक्यावर उकडलेले गहू टाकतात आणि समोर पुस्तक, कात्री, पैसे, कंगवा मांडून ते काय उचलते ते पाहतात. त्या दिवशी मात्र जितके पाहुणे येतील तितके हवेच असतात.