रानातला इम्पोस्टर आणि मतांचे गणित

येळवशीच्या दिवशी लातूर-धाराशिवकडच्या गावांत घरोघरी कुलूप असते. मार्गशीर्ष अमावस्येला सगळे गोत रानात जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील असे जेवण झाले की मोठी माणसे आंब्याखाली आडवी होतात. गेल्या येळवशीला आमच्या औसा तालुक्यातल्या रानात नेमक्या याच वेळी आठ भाचे-पुतणे गोल करून बसले होते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. रानात रेंज धड नव्हती, पण त्यांना तिची गरजही नव्हती. एकाने हॉटस्पॉट सुरू केला होता आणि बाकीचे त्यावर जोडले गेले होते. खेळ होता ‘अमंग अस’. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे डुलकी घेण्याऐवजी मी त्या घोळक्यामागे जाऊन बसलो.

इनरस्लॉथ या अमेरिकी कंपनीने जून २०१८मध्ये आणलेला हा खेळ पहिली दोन वर्षे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत तो जगभर पसरला. एका अंतराळयानावर ४ ते १५ खेळाडू असतात आणि प्रत्येकाला एक रंग मिळतो. बहुतेक जण क्रूमेट असतात, म्हणजे वायर जोडणे, कार्ड घासणे, कचरा टाकणे अशी टास्क पुरी करणारे. त्यांच्यात १ ते ३ इम्पोस्टर मिसळलेले असतात, जे टास्क करण्याचे सोंग करतात आणि संधी मिळताच एखाद्याला मारून व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यातून, पसार होतात. प्रेत दिसले की रिपोर्ट करायचा, मग बैठक बसते, वादावादी होते आणि मतदानात ज्याला सर्वाधिक मते पडतात त्याला यानाबाहेर फेकले जाते. कोणालाच बाहेर काढायचे नसेल तर ‘स्किप’ला मत देता येते. सगळी टास्क पुरी झाली किंवा सगळे इम्पोस्टर बाहेर गेले तर क्रूमेट जिंकतात. इम्पोस्टरांची संख्या क्रूमेटइतकी झाली की डाव त्यांचा.

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष ‘माफिया’. तो १९८६मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव यांनी रचला. सगळे जाणणारे थोडे आणि काहीच न जाणणारे पुष्कळ, असा तो सामना आहे. २००८मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल या तीन अभ्यासकांनी दाखवून दिले की सामना बरोबरीचा ठेवायला लागणारी माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. खेळाडू चौपट केले तरी लबाड फक्त दुप्पट लागतात. माहितीचे वजन इतके असते.

पहिल्या डावात थोरल्या पुतण्याला प्रेत सापडले आणि तो ओरडलाच, “इलेक्ट्रिकलमधी बॉडी हाय, हिरवा मेला!” त्याबरोबर चारी बाजूंनी यानातल्या इतर खोल्यांची नावे घेत उत्तरे आली. “मी तर ॲडमिनला कार्ड घासायलो होतो.” “मी नेव्हिगेशनला.” मग कोणीतरी म्हणाले, “लाल बघ कसा तोंड करायलाय, त्योच हाय.” लाल बाहेर गेला. तो निर्दोष निघाला. आंबील जास्त झाल्यामुळे तो बिचारा ढेकर दाबत होता.

चेहरा पाहून खोटे ओळखता येते, हा समज आपल्यात फार खोल आहे. लहानपणी आम्ही चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो. राजा आणि राणी उघड झाल्यावर शिपायाने चोर ओळखायचा, असा आमच्याकडचा नियम बदलून आम्ही आणखी एक ‘प्रधान’ घातला होता, जेणेकरून शिपायापुढे दोन चेहरे उरत आणि त्यांतला एक निवडावा लागे. नाणे उडवले तरी पन्नास टक्के वेळा चोर सापडणार. चार्ल्स बाँड आणि बेला डेपाउलो यांनी २००६मध्ये खोटे ओळखण्याच्या पूर्वीच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा २४ हजारांहून अधिक माणसांच्या अंदाजांची सरासरी अचूकता ५४ टक्के भरली. म्हणजे आपली नजर नाण्यापेक्षा चार पावलेच पुढे. त्यातही खरे बोलणारे ६१ टक्के वेळा बरोबर ओळखले गेले आणि खोटे बोलणारे केवळ ४७ टक्के, कारण समोरच्यावर विश्वास ठेवणे हा माणसाचा कल असतो.

मग खोटे पकडायचे कसे? आमच्या थोरल्याची चूक चेहरा वाचण्यात नव्हती, ती त्याच्या पहिल्या वाक्यात होती. प्रेत कुठे आहे हे सांगून टाकताच त्याने इम्पोस्टरला उत्तर बेतण्याची सोय करून दिली. मारणाऱ्याने फक्त इलेक्ट्रिकलपासून दूरच्या एखाद्या खोलीचे नाव घ्यायचे होते. स्वीडनमधील पार आंडर्स ग्रानहाग आणि त्यांच्या सहकारी मारिया हार्टविग यांनी पोलिसी चौकशीसाठी जी पद्धत विकसित केली, तिचा गाभा हाच आहे की पुरावा हातात राखून ठेवावा, आधी संशयिताला मोकळेपणाने बोलू द्यावे आणि त्याचे म्हणणे पक्के झाल्यावरच पुरावा पुढे करावा. २००६च्या त्यांच्या प्रयोगात ही पद्धत शिकलेल्या पोलीस प्रशिक्षणार्थींनी सुमारे ८५ टक्के वेळा खरे-खोटे बरोबर ओळखले, तर न शिकलेल्यांनी ५६ टक्के. निर्दोष माणूस पुराव्याजवळून गेला असेल तर ते आपणहून सांगतो; दोषी ते टाळतो, आणि पुरावा नंतर बाहेर आला की त्याच्या हकिकतीला भोक पडते.

हे सारे न वाचता सहावीतल्या भाचीने दुसऱ्या डावात तेच केले. रिपोर्ट तिने केला, पण जागा सांगितली नाही. “आधी समद्यांनी सांगा, कोण कुठं होतं आन कुणासंगं.” एक जण म्हणाला, मेडबेत होतो. यावर तिने विचारले की इलेक्ट्रिकलकडे गेला होतास का, तर तो ठामपणे नाही म्हणाला. आणि तिने मात्र त्याला मिनिटभरापूर्वी त्याच दारात पाहिले होते. ‘स्केल्ड’ या नकाशावर इलेक्ट्रिकल, मेडबे आणि सिक्युरिटी या तिन्ही खोल्या व्हेंटने जोडलेल्या आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘मी मेडबेत होतो’ ही साक्ष तशीही हलकीच वाटावी. त्या मानाने मेडबेतले शरीर स्कॅन करण्याचे टास्क इतरांच्या डोळ्यांदेखत होते आणि इम्पोस्टरला त्याचे सोंग करता येत नाही, म्हणून ते पाहिलेला साक्षीदार मोलाचा. बोलण्याला खर्च नसतो, स्कॅनला असतो.

पण सगळे संशय सारख्या वजनाचे नसतात. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निधनानंतर १७६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून जे सूत्र पुढे आले, ते इथे साध्या मोजणीने समजते. समजा, बैठकीत सात जण जिवंत आहेत, इम्पोस्टर एक आहे आणि तुम्ही निर्दोष आहात. समोरच्या सहांपैकी एक दोषी. असे दहा डाव धरले तर साठ संशयितांत १० दोषी आणि ५० निर्दोष होतील. आता समजावण्यापुरते असे धरू, की दोषी १० पैकी ६ वेळा बैठकीत गप्प राहतो आणि निर्दोष १० पैकी ४ वेळा. मग गप्प बसलेल्यांत दोषी ६ आणि निर्दोष २० निघतील; म्हणजे ‘जांभळा बोलेना’ एवढ्यावरून तो दोषी असण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांवरून जेमतेम २३वर जाते. याउलट दोषी निम्म्या वेळा प्रेताजवळ एकटा सापडतो आणि निर्दोष दहांतून एकदा, असे धरले तर दोन्ही बाजूंना ५-५ येतात आणि संशय एकदम ५० टक्क्यांवर पोहोचतो. खुणेचे वजन ती दोषीत किती दिसते यावर ठरत नाही, निर्दोषांच्या तुलनेत किती जास्त दिसते यावर ठरते. घोळक्यात बहुसंख्य निर्दोषच असल्यामुळे मुखदुर्बळ मुले या खेळात हकनाक मरतात.

पुरावा काहीच नसेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण त्याचे उत्तर बोटांवर मोजता येते. एक इम्पोस्टर आहे आणि प्रत्येक बैठकीत चिठ्ठी टाकल्यासारखे कोणालाही बाहेर काढले जाते, असे मानू. तिघे उरले असतील तर इम्पोस्टर जिंकण्याची शक्यता ६७ टक्के. चौघे असतील तर क्रूमेटची स्थिती सुधारायला हवी, पण ती शक्यता ७५ टक्के होते. कारण चौघांतून चुकीचा माणूस गेला की तीन उरतात, त्यांतला एक मारला जातो आणि एकास एक होऊन डाव संपतो. तेच चौघांनी स्किप केले तर एक मारला जाऊन तिघे उरतात आणि मतदान होते. दोन्ही वाटांनी संधी एकच मिळते. मात्र एकीकडे चौघांतून निवडायचे असते, दुसरीकडे तिघांतून. सहा जणांतही तसेच: मतदान केले तर इम्पोस्टरची शक्यता ६२.५ टक्के, स्किप केले तर ५३. सात जणांत ती ४६ असते आणि आठ जणांत सरसकट मतदान करत गेल्यास ५५ होते. एक क्रूमेट वाढला आणि फायदा इम्पोस्टरचा झाला! म्हणून आंधळेपणाने मत द्यायची वेळ आली तर डोकी मोजावीत. सम असतील तर स्किप, विषम असतील तर मत. कोणाला व्हेंटमधून निघताना पाहिले असेल तर अर्थातच या हिशेबाचे काम नाही.

हीच मोजणी आणखी एका पेचात कामी येते. ‘मी याला मारताना पाहिले’ असे दोघे एकमेकांबद्दल सांगतात, तेव्हा एक जण नक्की लबाड असतो. एकच इम्पोस्टर असेल आणि पाच किंवा अधिक जण जिवंत असतील तर आधी एकाला काढावे, चुकले तर पुढच्या बैठकीत दुसऱ्याला. चौघेच असतील तर दुसरी बैठक मिळतच नाही.

शेवटच्या डावात चौघे उरले होते: थोरला, भाची, पांढरा आणि जांभळा. थोरल्याला जांभळ्याचा संशय होता, पण पुरावा नव्हता. जांभळा थोरल्यावर उलटला आणि पांढऱ्याने त्याच्या सुरात सूर मिसळला. पहिल्याने ठासून नाव घेतले की दुसऱ्याला तेच पटू लागते. सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत तर डोळ्यांसमोरच्या रेषांची लांबी सांगतानाही लोक गटाच्या चुकीच्या उत्तराला साधारण एक तृतीयांश वेळा बळी पडले होते. भाचीने पांढऱ्याला कसेबसे थांबवले आणि स्किप झाले. पुढच्या मिनिटाला थोरला मारला गेला. उरलेल्या तिघांत जांभळ्याने पांढऱ्याला फिरवले आणि दोन मतांनी भाची बाहेर. इम्पोस्टर जांभळाच होता.

मेलेल्याने बोलायचे नसते म्हणून इतका वेळ ओठ दाबून बसलेला थोरला उसळला, “म्हनलो होतो ना, तवाच मत टाकायचं!”

“दादा, तवा टाकलं असतं तर तूच गेला असतास,” भाची म्हणाली. “दोन मतं तुझ्यावरच पडायली होती.”