हायपोथायरॉइडिझम

गळ्यातील थायरॉइड ग्रंथी शरीराला लागेल तेवढे संप्रेरक (हार्मोन) तयार करू शकत नाही, त्या अवस्थेला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. परिभाषेत थायरॉइडला अवटू ग्रंथी म्हणतात, पण तो शब्द पुस्तकाबाहेर फारसा ऐकू येत नाही. घरोघरी 'मला थायरॉइड आहे', 'तिचा थायरॉइड वाढलाय' असेच बोलतात. या बोलण्याने एक गोंधळ मात्र होतो. वाढलेला असतो तो रक्ताच्या अहवालातला टीएसएचचा, म्हणजे या ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा, आणि तो वाढतो ग्रंथीचे काम कमी पडते म्हणून.

ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. ती मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, आणि थोड्या प्रमाणात टी-३ तयार करते. नावातले आकडे रेणूतील आयोडिनच्या अणूंचे आहेत. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते टी-३, आणि त्यातले बरेचसे टी-४ मधूनच शरीरात इतरत्र तयार होते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, कोलेस्टेरॉलचा निचरा, मेंदूच्या कामाचा वेग या सगळ्यांची गती या संप्रेरकावर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या पातळीवर लक्ष ठेवते. थायरॉइड मंदावली की ती जास्त टीएसएच सोडून तिला कामाला लावू पाहते.

जगभराचा विचार केला तर आयोडिनचा अभाव हे या विकाराचे जुने आणि मोठे कारण आहे. मीठ आयोडिनयुक्त आहे तिथे बहुतेक रुग्णांत कारण असते हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो कितीतरी अधिक होतो. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली किंवा किरणोत्सारी आयोडिनने निकामी केली, तरी हीच अवस्था येते. भारतातील आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवा त्यात होते. तीत जवळजवळ ११ टक्के लोकांना हा विकार आढळला.

मिठाबद्दल थोडे सांगायला हवे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मीठ देऊन गलगंड (थायरॉइड वाढून गळा फुगणे) कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून देशभर खाण्यासाठी आयोडिनविरहित मीठ विकण्यावर बंदी आहे. कोकणात आणि मिठागरांच्या आसपास अनेकांना वाटते की समुद्राच्या खडेमिठात आयोडिन असतेच. तसे नाही. मीठ सुकताना त्यात आयोडिन नावापुरतेच उरते, ते वेगळे मिसळावे लागते. पण हाशिमोटोचा आजार जादा आयोडिनने बरा होत नाही, उलट बिघडू शकतो.

लक्षणे इतकी सावकाश येतात की ती स्वभावाचा भाग वाटू लागतात. सगळे पंख्याखाली बसलेले असताना एकटीला शाल लागते. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, घोगरा आवाज, पापण्यांची सूज, पाळीत जास्त रक्तस्राव, गर्भ न राहणे, मंद नाडी, रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल, असे त्याचे रूप असते. वजन वाढते, पण सहसा काही किलोच, आणि त्यातले बरेचसे मीठ आणि पाणी साठल्याने. वीस-पंचवीस किलो वाढीचा दोष एकट्या थायरॉइडला देता येत नाही. एक खूण मात्र डोळ्यांनी दिसते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगतात, पावले मागे मोकळी राहतात. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडी मारली की पाऊल झटक्याने खाली जाते. निरोगी माणसात ते तसेच चटकन परत येते. या आजारात ते रेंगाळत रेंगाळत जागेवर येते. स्नायूंतली ही दिरंगाई एकदा पाहिली की विसरत नाही.

मनाची गती अशीच मंदावते. शब्द आठवत नाहीत, हिशेब चुकतात, उत्तर यायला वेळ लागतो, कशातच रस वाटत नाही. हे चित्र नैराश्यासारखे दिसते, वयस्कर माणसांत स्मृतिभ्रंशासारखे. घरचे म्हणतात, आळशी झाली आहे. सासरी म्हणतात, बाळंतपणानंतर असे होतेच. पण बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडचा दाह होऊन ग्रंथी मंदावणे ही ओळखीची गोष्ट आहे, आणि एका रक्तचाचणीत ती कळते. ती चाचणी न करता बाईच्या स्वभावाला नावे ठेवणे हा अन्यायच आहे.

क्वचित हा आजार भास आणि भ्रमांपर्यंत जातो. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ च्या अहवालात याची नोंद केली होती. पुढे ती जवळजवळ विस्मरणात गेली. १९४९ मध्ये रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरने अशा १४ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. मानसिक आजारी म्हणून पाहिल्या गेलेल्या या रुग्णांपैकी बरेच जण थायरॉइडचा अर्क दिल्यावर बरे झाले. त्यामुळेच आज पहिल्यांदा नैराश्य, स्मृतिभ्रंश किंवा मनोविकृतीची लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णाची टीएसएच चाचणी करण्याचा प्रघात आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. टीएसएच जरासा वाढलेला, टी-४ मात्र ठीक, अशा सौम्य अवस्थेत मनाच्या उदासीचे सगळे खापर ग्रंथीवर फोडले जाते. ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य अवस्थेत थायरॉक्सिनच्या गोळीने थकवा वा इतर लक्षणे कमी झाली नाहीत. टीएसएच १० च्या वर असेल, गर्भधारणा असेल किंवा तशी इच्छा असेल, तर गोळी देण्याचा विचार वेगळा होतो. आकडे जागेवर येऊनही काही महिने उदासी हटत नसेल, तर ते नैराश्य आहे असे समजून त्यावर स्वतंत्र उपचार करायला हवेत. 'मानसोपचारतज्ज्ञाकडे कशाला, थायरॉइडच तर आहे' या समजुतीपायी रुग्णाची वर्षे वाया जातात.

मानसिक आजाराच्या औषधांचाही या ग्रंथीशी थेट संबंध आहे. ज्या १९४९ साली अॅशरचा लेख आला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवी विकारात लिथियमचा आधार आजही मोठा आहे. पण ते थायरॉइडमधून संप्रेरक बाहेर पडण्यात अडथळा आणते. म्हणून ते घेणाऱ्यांची टीएसएच आणि मूत्रपिंडाची चाचणी साधारण दर सहा महिन्यांनी करतात. टीएसएच वाढला म्हणून घाबरून लिथियम स्वतःहून बंद करू नये. ते चालू ठेवून सोबत थायरॉक्सिन देता येते, आणि एकदम बंद केल्यास उन्माद परतण्याचा धोका असतो. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या मनोविकृतीवरच्या औषधांनी वजन आणि रक्तातली साखर वाढते, तेव्हा अशा रुग्णाचे वाढते वजन थायरॉइडचे की औषधाचे हे तपासूनच ठरवावे लागते.

तपासणीत एक फसगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दिसतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात.

उपचाराचा इतिहास थक्क करणारा आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढे तो तोंडावाटे दिला जाऊ लागला. ती आणखी २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयार झाले.

आज दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे शरीरातल्या टी-४ चीच प्रत आहे. म्हणून 'गोळीची सवय लागते' ही भीती निराधार आहे. जे शरीरात बनत नाही तेवढेच बाहेरून दिले जाते. ग्रंथी निकामी झालेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. वयस्कर आणि हृदयरुग्णांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहतात, कारण थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्यच, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचे आहे. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे वजन उतरवायला ही गोळी घेणे घातक आहे.

ती घ्यायची पद्धत मराठी घराच्या सकाळीशी टक्कर घेते. उठल्यावर पहिला चहा हवा असतो, आणि गोळीला हवे असते रिकामे पोट, फक्त पाणी, मग अर्धा ते एक तास काही नाही. चहा-कॉफीने ती कमी शोषली जाते. ज्यांना हे जमवायचे असते ते कुपी उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवतात, आणि तोंड धुऊन चहाचे आधण ठेवेपर्यंत वेळ सरतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. एकादशी-संकष्टीलाही ही गोळी चुकवू नये. शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

गरोदरपणात गरज वाढते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा अनेकदा पाव ते एकतृतीयांशाने वाढवावी लागते. पहिले काही महिने गर्भाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. काही बाळे जन्मतःच या ग्रंथीविना किंवा अपुऱ्या ग्रंथीसह येतात, आणि जन्मल्यावर अगदी निरोगी दिसतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी कुटून आईच्या दुधात कालवून चमच्याने द्यायला सुरुवात केली, तर बाळाची बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच वाढते. उशीर झाला तर गेलेले भरून येत नाही.