चक्का, फडकं आणि बीअरची गाळणी

चक्का बांधला की पहिली दहा मिनिटं धार लागते, मग नुसते थेंब. ठाण्याच्या घरी एकदा घाईत मी पुरचुंडी करकचून पिळली. पाणी काही वाढलं नाही, दही तेवढं फडक्याबाहेर आलं. आई म्हणाली, "पिळू नकोस रे, आतून चमचा फिरव."

तळोजा एमआयडीसीत बीअर गाळणाऱ्या मित्राला हे सांगितलं, तर म्हणाला, "आमचंही हेच चालतं."

त्याचं फडकं म्हणजे पोकळ धाग्यांचं मेम्ब्रेन. छिद्रं साधारण अर्ध्या मायक्रोमीटरची. यीस्टची पेशी 5 ते 10 मायक्रोमीटरची, म्हणजे ती अडणारच. पण तिचा त्रास कमी. पेशींच्या थराला फटी असतात, आणि उलटा प्रवाह सोडला की बराचसा थर सुटतो. खरा ताप विरघळलेल्या गोष्टींचा. सातूच्या दाण्यातून बीटा-ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ येतो. ओट्सची पेज बुळबुळीत होते ती याच्यामुळेच. बीअर गाळतात शून्य अंशाच्या आसपास, आणि त्या थंडीत त्याची जेली होऊ शकते. प्रथिनं आणि पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटतात ते वेगळंच. कोरा चहा फ्रिजमध्ये गढुळतो, तसलाच प्रकार. ही मंडळी छिद्राच्या भिंतीला आतून लेप देतात. छिद्राचा व्यास निम्मा झाला, की त्याच दाबाला प्रवाह थेट सोळाव्या हिश्शावर येतो! याला म्हणतात फाउलिंग.

दाब वाढवला तर थर आणखी घट्ट बसतो, माझ्या पुरचुंडीसारखा. म्हणून बीअर मेम्ब्रेनवर आडवी, वेगाने फिरवतात. प्रवाहच थर खरवडत राहतो. आईचा चमचा तो हाच. तरी शेवटी कॉस्टिक सोड्याने धुवावं लागतंच. छिद्रं आणखी बारीक केली, तर फेस टिकवणारी प्रथिनंही अडकण्याची भीती.

पूर्वी हे काम किझेलगूर करायचं, अजूनही अनेक ठिकाणी करतं. ही डायटम शैवालांच्या सांगाड्यांची माती. नोबेलने डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन मुरवलं ते हिच्यातच. पण तिच्या धुळीतली स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक, आणि वापरलेला चिखल टाकायचा कुठे हा प्रश्न उरतोच.

सातूला नीट मोड आले, तर दाण्यातली एन्झाइम्स बीटा-ग्लुकान आधीच तोडतात. म्हणून मेम्ब्रेन वरचेवर तुंबायला लागलं की मित्र आधी माल्टवाल्याला, म्हणजे मोड आणलेली सातू पुरवणाऱ्याला, फोन लावतो.