चार आकड्यांची खेळी

टपालाने बुद्धिबळ खेळताना कोथरूडमधल्या खेळाडूने मॉस्कोला खेळी कळवायची तर कार्डावर 'प्यादे' लिहून भागत नाही. आंतरराष्ट्रीय टपाल बुद्धिबळ महासंघाची आकडी पद्धत इथे कामी येते. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या १ ते ८, त्याच्या बाजूने आडव्या ओळीही १ ते ८. आधी घर सोडलेले, मग गाठलेले. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे म्हणजे ५२५४. किल्लेकोटात (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवताना) फक्त राजाची चाल लिहायची: ५१७१.

घात होतो तो घाईत. ५२५४ ऐवजी ५२५३ गेले तर तीही नियमातली खेळी, त्यामुळे मागे घेता येत नाही. म्हणून कार्डावर आधी समोरच्याची शेवटची खेळी उतरवावी, मग आपली. पटही दोन हवेत, एक डावाचा आणि एक विचार करायला. एकाच पटावर चाचपणी करताना उंट जागेवर ठेवायचा राहिला, तर उत्तर भलत्याच स्थितीला जाते.

टपाल बुद्धिबळात पुस्तके उघडून खेळायची मुभा असते, त्यामुळे नुसत्या पाठांतराला फारशी किंमत नाही. पुस्तक संपते तिथून पुढे काय शोधले, यावर ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, लढाई ठरते. पाचव्या जागतिक टपाल अजिंक्यपद स्पर्धेतला (१९६५–६८) सोव्हिएत संघाचा याकोव एस्त्रिन विरुद्ध अमेरिकेचा हान्स बर्लिनर हा डाव त्याचा उत्तम नमुना. ओपनिंग टू नाईट्स डिफेन्स, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव. पाचव्या खेळीला काळ्या बर्लिनरने २७२५ करून प्यादे पुढे काढले. दहाव्या खेळीला एस्त्रिनच्या प्याद्यांनी एकाच वेळी काळ्याचा ४४ वरचा घोडा आणि ७४ वरचा उंट माऱ्यात धरला. बर्लिनरने दोन्ही तसेच सोडले आणि प्यादे रेटले: ५५५४! एस्त्रिनने घोडा घेतला, तरी काळ्याने ७४ वरचा उंट हलवला नाही. दुसरा उंट ४६ वर आणला. आता ७३ वरच्या पांढऱ्या घोड्यावर ८४ वरच्या वजिराचा आणि या उंटाचा मारा. उंटाने घोडा घेऊन शह दिला आणि ८२ च्या प्याद्याने तो उंट मारला, की पट्टी मोकळी होऊन वजीर ८१ वरचा हत्ती खातो. एस्त्रिनला किल्लेकोट करून निसटावे लागले. ४२ खेळ्यांत बर्लिनर जिंकला, स्पर्धाही त्याचीच. हा माणूस पेशाने संगणकशास्त्रज्ञ होता.

महासंघाच्या स्पर्धांत आता संगणकाची मदत चालते, आणि अव्वल पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. नवख्याने थीमॅटिक स्पर्धेपासून सुरुवात करावी: तिथे पहिल्या काही खेळ्या ठरवूनच दिलेल्या असतात, त्यामुळे एकाच ओपनिंगचा कसून अभ्यास होतो. तोवर कोथरूड–हडपसर असा डाव मोबाईलवर रोज चार आकडे पाठवूनही रंगतो.