काटापट्टी, हॅशकोड आणि एडिटरने लिहिलेला कोड

खान्देशात कापूस निघाला की जिनिंगच्या काट्यावर गाड्या लागतात. आधी भरलेली गाडी तोलायची, कापूस उतरवला की रिकामी तोलायची. दोन्हींतला फरक काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) येतो. म्हणजे पट्टी एकदा तयार झाली, तरी तिच्यातलं वजन नंतर बदलतं. हे लक्षात ठेवा, पुढे याच ठिकाणी घोळ होतो.

जळगाव-धुळ्याकडचा एखादा विद्यार्थी हा हिशेब जावा या प्रोग्रामिंग भाषेत मांडायला बसला, तर त्याच्या क्लासमध्ये (पट्टीच्या आराखड्यात) पाच फील्ड, म्हणजे रकाने, असतील: पट्टी क्रमांक, शेतकरी, गाव, वजन, भाव. यापुढचं बरंच टंकन कोड लिहायचा एडिटर करून देतो. इंटेलिजे या एडिटरमध्ये विंडोज किंवा लिनक्सवर ऑल्ट आणि इन्सर्ट दाबा, एक्लिप्समध्ये सोर्स मेनू उघडा. कन्स्ट्रक्टर (नवी नोंद बनवणारा), गेटर-सेटर (फील्ड वाचणारे आणि बदलणारे), इक्वल्स (दोन नोंदी सारख्या का ते पाहणारा), हॅशकोड (फील्डवरून एक आकडा काढणारा), हवं ते निवडा. एडिटरने तुमच्या कोडचा व्याकरणवृक्ष (रचनेचा नकाशा) आधीच बांधलेला असतो. कोणतं फील्ड कोणत्या प्रकारचं, हे त्याला त्यातून नेमकं कळतं आणि ठरलेल्या साच्यात ती नावं भरली जातात. यात अंदाजाला जागा नाही. तीच फील्ड, तेच पर्याय असतील तर दर वेळी तोच कोड मिळतो.

इक्वल्स आणि हॅशकोड बनवताना मात्र एक खिडकी उघडते: कोणती फील्ड धरायची? पुष्कळ जण सगळ्यांवर खूण ठेवून पुढे जातात. मग असं होतं. पहिल्या तोलानंतर पट्टी हॅशसेटमध्ये, म्हणजे एक नोंद एकदाच ठेवणाऱ्या संचात, टाकली. हॅशसेट पट्टीच्या हॅशकोडवरून तिचा खण ठरवतो. रिकामी गाडी तोलली, सेटरने वजन बदललं, हॅशकोडही बदलला. पट्टी मात्र जुन्याच खणात राहिली. आता तीच पट्टी शोधली तर सेट ‘नाही’ म्हणतो, पण एकूण पट्ट्या मोजताना तिला धरतो. तीच पुन्हा टाकली तर दोनदा बसते. एरर कुठेच येत नाही, म्हणून ही चूक फार छळते. उपाय सोपा आहे: खूण फक्त पट्टी क्रमांकावर करा आणि त्याला सेटर बनवू नका.

दुसरी अडचण काळाची. महिन्याभराने ओलाव्याची टक्केवारी नोंदवायचं ठरलं आणि सहावं फील्ड आलं. आधी बनवलेल्या टूस्ट्रिंगला (नोंद मजकूर म्हणून दाखवणाऱ्या कोडला) त्याचा पत्ता नसतो, कारण एडिटरने लिहून दिलेला कोड त्या क्षणीच्या क्लासचा असतो. फील्ड वाढवलं तर तो पुन्हा बनवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये आलेल्या जावा १६ पासून रेकॉर्ड हा क्लासचा छोटा प्रकार पक्का झाला. त्यात हे काम कंपायलर (कोडचं यंत्राला चालेल असं रूपांतर करणारा प्रोग्राम) करतो, त्यामुळे नवं फील्ड आपोआप धरलं जातं. रेकॉर्डची फील्ड बदलता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या तोलाला नवा रेकॉर्ड करायचा आणि पट्टी क्रमांक ही किल्ली धरून मॅपमध्ये (किल्लीवरून नोंद शोधायच्या संग्रहात) ठेवायचा. अशा हिशेबाला मला हीच मांडणी सर्वांत बरी वाटते.

जून २०२१ मध्ये कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलट या एआय साधनाची चाचणी आवृत्ती आली आणि टॅब दाबून स्वीकारायच्या फिकट ओळी ओळखीच्या झाल्या. त्यांची जात वेगळी. इथे साचा नाही. आजूबाजूचा मजकूर पाहून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, ते भाषा-मॉडेल तुकड्या-तुकड्याने ठरवतं. फील्डची नावं नुसती ‘वजन’ आणि ‘भाव’ असतील, तर ते सरळ गुणाकार सुचवू शकतं. समजा, वजन १८४० किलो आणि भाव क्विंटलला ७००० रुपये. खरी रक्कम १,२८,८०० रुपये. सरळ गुणाकार देतो १,२८,८०,०००. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, कारण कंपायलरला किलो आणि क्विंटल यांतला फरक ठाऊक नसतो.

म्हणून नावातच एकक लिहा: वजनकिलो, भावप्रतिक्विंटल. सूचना सुधारण्याची शक्यता त्याने बरीच वाढते, आणि वाचणाऱ्यालाही चूक दिसते. शिवाय टॅब दाबण्याआधी हातानं काढलेल्या एका पट्टीची चाचणी लिहून ठेवा: १८४० किलो, ७००० भाव, उत्तर १,२८,८००. ती चाचणी मात्र मॉडेलकडून लिहून घेऊ नका. गुणाकारात झालेली चूक तिथेही तशीच उतरू शकते.