सगळ्या बखरी एका मापाच्या नव्हेत

इतिहासाच्या प्रबंधाला प्राथमिक आणि दुय्यम साधनांची यादी जोडावी लागते. मराठ्यांच्या इतिहासात या वर्गवारीमागे शंभर-सव्वाशे वर्षांचे वाद आहेत. ते ठाऊक नसले की यादी नुसती भरली जाते.

ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये निघाला. मराठीत तो आला ‘मराठ्यांची बखर’ या नावाने! १८६० च्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने त्यावर जाहीर टीका केली. १८७८ पासून का. ना. साने ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून बखरी छापू लागले. पुढे १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ ची पत्रे होती, आणि प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती. तेव्हापासून अस्सल कागद, म्हणजे त्या त्या काळची पत्रे-हुकूम, वर आणि बखर खाली, अशी उतरंड रुजली.

उतरंड सोयीची खरी, पण ढोबळ. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. शिवकाळ त्याने स्वतः पाहिला होता. मल्हार रामराव चिटणिसांच्या घराण्यात दप्तर होते, पण त्यांनी बखर लिहिली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे एकाकडे प्रत्यक्ष आठवण, दुसऱ्याकडे कागद आणि मधे शंभरावर वर्षे.

शिवजन्माच्या तिथीने तर उतरंडच उलटी केली. उत्तरकालीन बखरींवरून शके १५४९, म्हणजे १६२७, रूढ होते. टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली. शकावली म्हणजे काही हुकूम किंवा पत्र नव्हे, मागाहून एकत्र केलेल्या नोंदी. मग स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये छापलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी मिळाली, तेही संस्कृत स्तुतिकाव्य. जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही त्याच बाजूची. यांपैकी एकही अस्सल दप्तरी कागद नाही. तरी एकमेकांवर न बेतलेली साधने जुळली, म्हणून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख बळकट झाली आणि पुढे शासनानेही ती स्वीकारली.

बऱ्याच प्रबंधांत मात्र सभासद आणि चिटणीस अजून ‘बखरी’ या एकाच मथळ्याखाली शेजारी बसतात.