सबतांग

सबतांग : फिलिपीन्सच्या बातानेस प्रांतातील एक बेट आणि त्याच नावाची मुनिसिपालिटी. लूझोन या फिलिपीन्सच्या मुख्य बेटाच्या उत्तरेला तैवानच्या दिशेने विखुरलेल्या बातानेस द्वीपसमूहात कायम वस्तीची मोठी बेटे तीनच : बातान, इत्बायात आणि सबतांग. सबतांगचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौ. किमी. असून २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,७०० च्या आसपास होती. फिलिपीन्समध्ये मुनिसिपालिटी म्हणजे शहरच असते असे नाही. आपला मेयर आणि परिषद निवडून देणारा ग्रामीण प्रदेशही मुनिसिपालिटीच म्हणवतो. तिच्या पोटातील सर्वांत लहान घटक म्हणजे बारांगाय. सबतांगचे सहा बारांगाय आहेत : सिनाकान, मालाकदांग, साविदुग, चावायान, सुम्नांगा आणि नाकान्मुआन. सगळे किनाऱ्यालगत, मधला भाग डोंगर, कुरणे आणि शेतांचा.

येथील रहिवासी इवातान लोक आहेत. त्यांची भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील असून तैवानजवळच्या ऑर्किड बेटावरील ताओ लोकांची भाषा तिची अगदी जवळची बहीण आहे. धर्माने बहुसंख्य कॅथलिक.

सबतांगची ओळख जगाला झाली ती दगडी घरांमुळे. चावायान आणि साविदुग या गावांत अरुंद गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना चुन्यात बसवलेल्या दगडांच्या, मीटरभर जाडीपर्यंतच्या भिंती आणि वर कोगोन गवताचे भक्कम छप्पर अशी घरे आजही राहती आहेत. ज्या बाजूने वादळी वारा येतो ती भिंत बहुधा सलग, बिनखिडकीची ठेवतात. दोन उतारांच्या छपराचे घर म्हणजे सिनादुंपारान, चार उतारांचे मायतुआब. गवताचे थरावर थर घट्ट बांधून शाकारलेले छप्पर दोन दशकांहून अधिक टिकते. वादळाची चाहूल लागली की त्यावर दोरांचे जाळे टाकून ते जमिनीशी ताणून बांधतात.

प्रवासवर्णनांत या गावांना ‘काळ थांबलेली गावे’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती इतिहासाला धरून नाही आणि इथल्या लोकांवर अन्याय करणारी आहे. १६८७ साली इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर या बेटांवर आला, तेव्हा त्याला दिसली ती बुटकी, लाकूड-गवताची घरे आणि कड्यांच्या उतारावर, शिडीने चढून जावे लागेल अशा जागी वसलेली गावे. अशा तटबंद टेकड्यांना इजांग म्हणतात. साविदुगजवळचा इजांग आजही ओळखता येतो. उसाच्या रसापासून केलेले तिथले मद्य डॅम्पियरच्या खलाशांना इतके आवडले की जुन्या इंग्रजी नकाशांवर बेटांना त्याच मद्याचे नाव मिळाले : बाशी बेटे.

१७८३ मध्ये स्पॅनिश सत्तेने बातानेस ताब्यात घेतले आणि लोकांना टेकड्यांवरून खाली उतरवून चर्चभोवतीच्या गावांत बसवायला सुरुवात केली. सबतांगचा प्रमुख आमान दांगात याने याला विरोध केला. सरकारी माणसे मोबदला न देता लाकूड आणि अन्नधान्य उचलून नेत, हे त्याच्या उठावाचे तात्कालिक कारण होते. १७९१ मध्ये त्याला पकडून बास्को या बातानेसच्या राजधानीत फाशी देण्यात आले. त्यानंतर सबतांगच्या लोकांना बेट सोडायला लावून समोरच्या बातान बेटावर, इवाना भागात नेऊन वसवले. ते परतले ते पुढच्या शतकात. चुन्याचे तंत्र स्पॅनिशांबरोबर आलेले. ते आपल्या वाऱ्यापावसाच्या अनुभवाशी जुळवून इवातान गवंड्यांनी आजचे घर घडवले. उजाड झालेल्या बेटावर परत येऊन उभारलेली ही वास्तुकला आहे, हे चावायानच्या गल्लीतून चालताना लक्षात ठेवायला हवे.

शेती लहान लहान तुकड्यांत चालते आणि वाऱ्यापासून बचावासाठी बांधांवर बोरूसारख्या झाडांची दाट कुंपणे असतात. मुख्य पिके जमिनीखालची, कारण वेलझाडाची नासधूस झाली तरी कंद वाचतो : उवी (कोनफळ), रताळी, अळू. लसूण विकायला, गुरे-शेळ्या चरायला. अळूचे देठ वाळवून ठेवतात आणि ते शिजवून केलेला वुनेस हा आपल्या देठींच्या भाजीच्या फार जवळचा पदार्थ आहे. केळीचा कंद किसून त्यात मासे किंवा मांस घालून वळलेले गोळे म्हणजे उवुद. सणासमारंभाला हळदीचा पिवळा भात असतो.

शेतावर जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर वाकुल असते. वुयावुय नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या तंतूंपासून विणलेले हे शिरस्त्राण डोक्यावरून पाठीवर लांब केसांसारखे उतरते. ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते. आपल्या कोकणातील इरल्याचे काम तेच, घडण मात्र निराळी. पुरुष त्याच तंतूंचे कानायी पाठीवर घेतात. चावायानच्या विणकर स्त्रिया या कामासाठी प्रसिद्ध आहेत.

बेटावर यायचे तर इवानाच्या धक्क्यावरून फालुवा पकडावी लागते. फिलिपीन्समधील बहुतेक होड्यांना दोन्ही बाजूंना तोल सांभाळणारे बांबू असतात. फालुवाला ते नसतात, कारण पॅसिफिक आणि दक्षिण चीन समुद्र जिथे भिडतात तिथल्या लाटांत गोलसर, खोल बुडाची होडीच निभावते. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा, पण समुद्र खवळला की बेट अनेक दिवस तुटलेले राहते. मार्च ते मे हा आरायु म्हणजे डोराडो माशाचा हंगाम. मताव नावाचे मच्छीमार आधी उडते मासे पकडतात आणि त्यांच्या आमिषावर आरायु धरतात. चिरून वाळवलेला आरायु पुढे अनेक महिने पुरतो. हंगाम उघडताना धक्क्यावर विधी होतो आणि त्यानंतर गटातील सर्वांना ठरलेली बंधने पाळावी लागतात.

सप्टेंबर २०२१ मधील ‘किको’ आणि २०२४ मधील ‘ज्युलियन’ या वादळांनी बातानेसमधील अनेक घरांचे नुकसान केले. गवताचे छप्पर शाकारायला गावातले बरेच हात एकत्र यावे लागतात. शेत आणि घराच्या कामात एकमेकांकडे आळीपाळीने राबण्याची रीत त्यासाठीच आहे. तरुण मंडळी शिक्षण-नोकरीसाठी बास्को, मनिला गाठतात, तेव्हा हे हात कमी पडतात आणि कोगोनच्या जागी पत्रा येतो. पत्र्याचे घर लवकर उभे राहते, म्हणून कुटुंबांना दोष देता येत नाही. जतनाचे नियम करणाऱ्यांनी शाकारणीच्या मजुरीचीही तजवीज करायला हवी. चावायानमधील सांता रोसा दे लिमा चॅपेल अजून गवतानेच शाकारलेले आहे.